तिसरा सिलिंडर

वापरलेली बोट बघायला गेलं की आधी इंजिनाला हात लावायचा. रंग, बाकं, ऐट हे सगळं नंतर. विकणारा बेरकी असला तर गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन चालवून गरम करून ठेवतो. गरम असताना कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं, त्याचा खरा स्वभाव कळतो तो गार असताना. पंपवाल्यांचा सगळा जन्म यंत्रांत गेलेला, त्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. म्हणून शेडचं दार उघडताच, नमस्कारचमत्कार व्हायच्या आत, ते ट्रेलरवरच्या त्या लाल बोटीच्या मागे गेले आणि त्यांनी इंजिनावर तळहात टेकला.

"गारच आहे," दारातून लाँचताई म्हणाल्या. "कालपासून शिवले नाही मी त्याला. तुम्ही आधी तेच बघणार, ठाऊक होतं."

पंपवाल्यांनी हात काढून घेतला. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं त्यांना, आणि तीही दुसऱ्याची नव्हे, स्वतःची. बरोबर आलेली बायको मात्र गालातल्या गालात हसली. ती बोट बघायला आलीच नव्हती. ज्या बाईच्या नावानं नवऱ्यानं इतकी वर्षं बोटं मोडली ती दिसते तरी कशी, हे बघायला ती आली होती.

दिसायला लाँचताई अगदी साध्या. उन्हानं रापलेला चेहरा, विटलेली टोपी, मनगटं मात्र जाडजूड. तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी लाँच त्या चालवत. आधी वडील चालवायचे, ते थकले तसं सुकाणू लेकीच्या हातात आलं. लाँच कसली, बैलगाडीची पाण्यातली सख्खी बहीण ती. मास्तर, दूधवाले, अडलेल्या बायका, लग्नाची वऱ्हाडं, कधी एखादं बिथरलेलं वासरू, सगळ्यांना सारख्याच संथपणे पलीकडे पोचवायचं आणि परत यायचं. पावसावाऱ्याची सुट्टी नाही. आणि वर्षातून एकदा, तलावावर बोटींची शर्यत असायची त्या दिवशी, हीच बाई हीच टोपी घालून या लाल बोटीत बसायची आणि भल्याभल्यांना मागे टाकून निघून जायची. काठावरची माणसं ओरडायची विसरून नुसती बघत राहायची.

त्या भल्याभल्यांत पहिला नंबर पंपवाल्यांचा. म्हणजे शर्यतीत दुसरा. दुसरा नंबर ही मोठी वाईट जागा. तिसऱ्याला पहिल्याचं काही वाटत नाही, दुसऱ्याला जेवण गोड लागत नाही. पंपवाल्यांची निळी बोट नव्या इंजिनाची, दर हंगामाआधी उघडून, घासूनपुसून, पिस्टनभोवती नव्या रिंगा घालून सज्ज केलेली. तिनं या लाँचवालीच्या जुन्यापान्या बोटीमागून दरवर्षी यावं, हे शास्त्रात बसत नव्हतं. मग त्यांनी शास्त्रात बसेल असं कारण शोधलं. बाईनं इंजिनाचे सिलिंडर आतून कोरून मोठे करून घेतलेत, नियमाबाहेर. दुसरं काय असणार? दुकानात पंप दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं. बायकोनं एकदाच म्हणून बघितलं, "नाचता येईना अंगण वाकडं." त्या रात्री ते जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी शर्यतीच्या समितीकडे रीतसर तक्रार केली. समितीनं समितीला शोभेल असंच केलं. इंजिन उघडून बघायचं सोडून त्याच्या डोक्यावरच्या बोल्टांतून तार ओवली आणि शिशाचं सील ठोकलं. यापुढे कुणी उघडायचं नाही, उघडलं तर बोट बाद. झाला न्याय. लाल बोट त्यानंतरही जिंकतच राहिली, आणि पंपवाले म्हणत राहिले की जे करायचं ते सील ठोकायच्या आधीच करून झालं होतं.

पुढे दोघांचंही वय झालं, शर्यती सुटल्या. तलावावर पूल झाला, लाँच बंद पडली. लाल बोट विकायची आहे असं कानावर आलं, तसे पंपवाले हत्यारांची पेटी घेऊन निघाले. "एक बोट अंगणात ताडपत्रीखाली सडतेय, तिला आता सवत कशाला?" बायको म्हणाली. त्यांना बोट नको होती, आतलं बघायचं होतं. आपण इतकी वर्षं यंत्राला हरलो की माणसाला, एवढं मरायच्या आधी कळायला हवं होतं. यंत्राला हरलो असलो तर प्रश्नच मिटला. माणसाला हरलो असलो तर काय, हा विचार त्यांनी कधी जवळ फिरकूच दिला नव्हता.

"का विकताय?" शेडमध्ये दिवा लागल्यावर त्यांनी विचारलं.

"लेकीकडे राहायला चाललेय. चौथा मजला. बोटही आणते म्हटलं, तर जावई म्हणतो लिफ्टमध्ये मावायची नाही." लाँचताईंनी स्टूल ओढून पंपवाल्यांच्या बायकोला दिलं. "बसा हो वहिनी. यांना वेळ लागेल."

पंपवाले कामाला लागले. प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन ते बोटीचा तळ वाजवत निघाले. टक टक आवाज आला तर आतलं लाकूड कोरडं. भद् आलं तर पाणी शिरलेलं, मग वरून कितीही रंग मारा. पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत सगळीकडे टकटकच आलं. मागच्या फळीवर सगळं इंजिन लटकतं, सगळा जोर तीच सोसते, म्हणून त्यांनी इंजिनाला धरून वरखाली हिसके दिले. फळी तसूभर हलली नाही. कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात, त्याही नव्हत्या. इंजिनाखालच्या गिअरच्या पेटीतलं तेल थोडं काढून बोटांवर चोळलं. पाणी शिरलं की ते दुधासारखं होतं, हे स्वच्छ होतं.

बोट इतकी निरोगी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शर्यतीची बोट म्हणजे आपटलेली, तडकलेली, सांधलेली. पंपवाल्यांच्या स्वतःच्या बोटीचा तळ दोनदा सांधून झाला होता.

"आपटली नाही कधी?" त्यांनी विचारलं.

"लाट दिसते की आधी," लाँचताई म्हणाल्या. जणू रस्त्यातला खड्डा दिसतो तशी.

आत चढल्यावर मात्र त्यांना बुचकळ्यात पाडणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. बॅटरी नेहमी मागे इंजिनाजवळ असते. इथे मागे नुसती बुजवलेली स्क्रूची भोकं होती आणि बॅटरी पार पुढे, नाकाखाली नेऊन बसवलेली. पेट्रोलची टाकीही पुढे सरकवलेली. पाण्यातल्या पंख्याची पाती कुणीतरी कानशीनं धीरानं घासून बारीक केलेली. बसायच्या जागेपुढे तळाच्या फळीचा रंग दोन पावलांच्या आकारात उडाला होता, म्हणजे चालवणारी बाई बसत नव्हती, पुढे झुकून उभी राहत होती. कशासाठी? हे सगळं नियमातच बसत होतं, पण पाठीवर ओझं आहे म्हणून माणूस वाकून चालतो तशी ही बोट कशाशी तरी जुळवून घेत आली होती. इंजिनात दाबून ताकद भरलेल्या बोटीला हे नखरे कशाला लागावेत?

आता खरं घोडामैदान. इंजिनाचं झाकण काढलं. तार होती, सीलही होतं. शिसं काळं पडलेलं, पण अखंड. त्यावरचा समितीचा छाप अजून वाचता येत होता. पंपवाल्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. हे सील आपण लावायला लावलं, हे त्यांना आठवलं. ताईंनाही आठवत असणार.

"सील तोडायचं असेल तर बोट घेतल्यावर तोडा," ताई एवढंच म्हणाल्या. "माझ्या दारात नाही."

सील तोडायची गरजही नव्हती. पंपवाल्यांनी सहाही प्लग काढले आणि पेटीतून बोरूएवढा कॅमेरा काढला. त्याची वायर प्लगच्या भोकातून आत सोडली की मोबाइलवर आतलं दिसतं. सिलिंडर कोरून मोठा केला की पिस्टनही मोठा घालावा लागतो, आणि मोठ्या पिस्टनच्या डोक्यावर किती मोठा ते ठोकलेलं असतं. मूळ पिस्टनचं डोकं कोरं. इतकी वर्षं त्यांना तो आकडा बघायचा होता.

पहिल्या भोकात वायर गेली. काजळी होती, ती लांब ब्रशानं खरवडली, पुन्हा बघितलं. डोकं कोरं. दुसऱ्यात कोरं. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल पुसला. एकेक करत सहाव्यापर्यंत गेले. सगळी डोकी कोरी. कारखान्यातून निघालं तसंच्या तसं इंजिन होतं, कुणी त्याच्या आत हात घातलेला नव्हता.

बायको नवऱ्याचा चेहरा बघत होती. ती कोपरखळी मारायची संधी सोडणाऱ्यांतली नाही, पण तो चेहरा बघून तिनं ब्रश पुसायला फडकं पुढे केलं.

पंपवाल्यांनी दाब मोजायचा काटा काढला. खरं तर मोजायचं आता काही उरलं नव्हतं, हातांना काम हवं होतं म्हणून ते मोजत होते. पहिल्याला काटा चांगला वर चढला. दुसऱ्याला तेवढाच. तिसऱ्याला लावला, इंजिन फिरवलं, आणि काटा निम्म्याच्या जरासा वर जाऊन थबकला. काटा बिघडला की काय म्हणून पुन्हा लावला. पुन्हा तिथेच. उरलेले तिन्ही ठणठणीत होते.

"तिसरा गेलाय," ते म्हणाले.

"गेलाच आहे. सांगणारच होते मी. रिंगा झिजल्यात त्याच्या, दाब धरत नाही."

"केव्हापासून?"

"सील ठोकलं त्याच्या पुढच्या शर्यतीच्या आधीपासून."

पंपवाल्यांनी मनात हिशोब केला. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या शर्यती. सिलिंडर सहा, त्यातला एक नुसता नावाला. आणि आपली निळी बोट दरवर्षी नव्या रिंगांची.

"समितीकडे अर्ज करायचा होतात ना," त्यांचा आवाज जरा चढला, कुणावर ते त्यांनाही कळलं नाही. "त्यांनी सील काढून दिलं असतं. रिंगा घालायच्या, पुन्हा सील करून घ्यायचं."

"दिलं असतं की," ताई शांतपणे म्हणाल्या. "मग तुम्ही काय म्हणाला असतात?"

पंपवाल्यांना उत्तर ठाऊक होतं. उघडलं तेव्हाच काय ते केलं, असं ते म्हणाले असते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले असते.

"म्हणून उघडलंच नाही," ताई म्हणाल्या. "म्हटलं, आहे ते असं आहे. मग बॅटरी पुढे नेली, टाकी पुढे नेली. पाती घासली. जमेल तसं केलं." आणि भांडी घासून झाल्यासारख्या स्वरात पुढे म्हणाल्या, "चला, पाण्यात बघायचीय ना? जमिनीवर काय, सगळ्याच बोटी चांगल्या."

पंपवाल्यांनी प्लग आणि झाकण पुन्हा बसवलं. शेडच्या मागेच उतार होता. ट्रेलर पाण्यात ढकलला, बोट तरंगली. बायको धक्क्यावर उभी राहिली. पंपवाले लाइफ जॅकेट घालून ताईंच्या शेजारी बसले. गार इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं, पण सूर सरळ नव्हता. लंगडणाऱ्या माणसाच्या पावलासारखा त्यात एक ठोका कमी पडत होता. कान असणाऱ्याला तो लगेच ऐकू आला असता. पंपवाल्यांना कान होते, पण शर्यतीच्या गोंगाटात त्यांनी कधी ते तिकडे लावले नव्हते.

मोकळ्या पाण्यात आल्यावर ताईंनी वेगाचा दांडा, थ्रॉटल, पुढे केला. बोटीनं नाक वर केलं आणि ती तशीच रेटत राहिली. तिला पाण्यावर उचलायची ताकद कमी पडत होती. पंपवाल्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सील ठोकल्यानंतरच्या दर शर्यतीत सुरुवातीला ते पुढे असायचे आणि लाल बोट रेंगाळायची. उंदराला खेळवते मांजर, असं वाटून ते मनातल्या मनात जळायचे. ती खेळवत नव्हती. तिची बोट उठतच नव्हती.

ताई उभ्या राहिल्या. रंग उडालेल्या त्या दोन पावलांच्या जागी पाय रोवून त्यांनी नाक खाली दाबायला सगळं अंग पुढे टाकलं, थ्रॉटल अगदी थोडा मागे घेतला, एका गेलेल्या लाटेच्या उतारावर बोटीचं नाक ठेवलं आणि पुन्हा पुढे केला. बोट उठली. खालचं पाणी एकदम कडक झालं, आवाज पातळ झाला, आणि काठावरची झाडं मागे धावू लागली.

मग जे सुरू झालं ते पंपवाल्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण कळलं नव्हतं. ताई सरळ जातच नव्हत्या. जिथे वारा अडत होता त्या काठाच्या सावलीत त्या शिरायच्या. पाण्यावरचा नुसता रंग बदललेला दिसला की बोटभर वळवायच्या, आणि बोट गुळगुळीत पाण्यावर जायची. खाली उथळ वाळू होती तिथे पाणी वेगळं थरथरतं, तेही त्यांना ठाऊक. रोज त्या संथ लाँचमधून, दूधवाल्यांच्या कॅनांमधून नि पोरांच्या रडण्यातून, या बाईनं अख्खा तलाव पाठ केला होता. वळणावर त्या थ्रॉटल सोडायच्याच नाहीत, वळणाच्या खूप आधी किंचित सोडायच्या आणि वळणातच भरायला लागायच्या, कारण तिसऱ्या सिलिंडरानं दगा दिला तर बोट पुन्हा उठायला उशीर लागणार. एकदा बोट बसली की शर्यत गेली. म्हणून त्यांनी ती कधी बसू दिलीच नव्हती. सगळ्या शर्यतीत एकही चूक न करणं, हीच त्यांची युक्ती होती. दुसरी कुठलीही नव्हती.

पंपवाल्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. भीती नव्हती वाटत. देवळात गेल्यावर माणूस बोलायचं थांबतो तसे ते थांबले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं आलं असं म्हणायची त्यांना इच्छाही झाली नाही.

तलावाच्या मध्यावर ताईंनी वेग उतरवला. "आता तुम्ही घ्या. विकत घ्यायचीय तर चालवून बघा."

पंपवाल्यांनी चाक हातात घेतलं. मुरलेला माणूस, सगळं आयुष्य दुसरा आलेला. थ्रॉटल पुढे केला. बोटीनं नाक आभाळाला लावलं आणि ती गुरगुरत तशीच चालत राहिली. ते उभे राहिले, वाकले, मागेपुढे केलं. एकदा कशीबशी उठली, तर त्यांनी वळण घेतलं आणि ती बदकन बसली. पुन्हा उठवली, पुन्हा बसली. पंपवाल्यांनी हळूहळू, लाँच चालवावी तशी, बोट धक्क्याला आणली.

बायकोनं दोर धरला. सगळं तिनं काठावरून बघितलं होतं. आधी कोण चालवत होतं आणि नंतर कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"काय मग?" ताईंनी दोर बांधत विचारलं. "पसंत आहे का?"

"नको मला बोट," पंपवाले म्हणाले.

बायकोनं चमकून बघितलं. ताईंचा हात दोरावर थांबला. "खोट निघाली म्हणून?"

"खोट तिसऱ्यात आहे. मी तक्रार करून सील ठोकवलं, नाहीतर तुम्ही ती त्याच वर्षी काढली असती." एवढं बोलताना त्यांची मान खाली होती. "पक्कड आहे पेटीत. ते सील मी तोडतो. इथेच, तुमच्या दारात, तुमच्या डोळ्यांदेखत. इंजिन उघडतो, रिंगा घालतो, सिलिंडर नीट करून देतो. मग कुणाला विकायची त्याला विका."

"आता कशाला ते, पंपवाले?" ताई म्हणाल्या, पण आवाज मघासारखा सपाट नव्हता. "शर्यती संपल्या. चाललेय मी."

"जायच्या आधी एकदा चालवा." त्यांनी मान वर केली. "सहाच्या सहा चालले तर तुम्ही काय करता, तेवढं मला आता नीट बघायचंय."

टोपी काढून ताईंनी कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

"मग तुमची निळी घेऊन या," त्या म्हणाल्या. "पण मागूनच बघावं लागेल."

"त्याची सवय आहे मला," पंपवाले म्हणाले, आणि पक्कड आणायला शेडकडे वळले.